नारू ओढू नये

आमच्या दुकानाला पाटी नव्हती. सास्तूरच्या आसपासच्या खेड्यांत 'अप्पाचं दुकान' एवढं म्हटलं की पुरायचं. पुढच्या बाजूला मीठ, गूळ, काडेपेट्या, करडईच्या तेलाचा डबा. मागच्या फळ्यांवर वेखंड, वावडिंग, सुंठ, हिरडा, ओवा, हिंगाचे खडे. दुकानाच्या मागे एक जाड भिंत आणि भिंतीपलीकडं आमचं घर. मधल्या दाराला पडदा म्हणून गोणपाट लावलेलं होतं, त्यामुळं घरातल्या भाकरीला हिंगाचा वास आणि दुकानातल्या हिंगाला धुराचा. सकाळी अप्पांची लिंगपूजा उरकली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून झाले, की आतून अव्वाच्या भाकरीची थाप आणि बाहेरून खलबत्त्याचा ठोका बरोबरच सुरू व्हायचा. त्या दोन आवाजांच्या मध्ये मी वाढले.

अव्वा म्हणजे माझी आई, अप्पा म्हणजे माझे वडील. ते वैद्य नव्हते, हकीमही नव्हते. त्यांचे वडील त्याच गादीवर बसायचे आणि लोक त्यांना विचारायचे, म्हणून यांनाही विचारायचे. सौदा घ्यायला एक यायचा तर विचारायला चार. निजामाचं राज्य होतं, सरकारी दवाखाना तालुक्याला होता आणि तिथला डॉक्टर उर्दू बोलायचा. बाईमाणसाला आपल्या पोटातलं दुखणं परक्या भाषेत सांगणं जमायचं नाही. अप्पांना मराठी यायचं, कानडी यायचं आणि कामापुरतं उर्दूही यायचं.

"अप्पा, पोरगं रातभर रडतंय की ओ."

"पोट धरून रडतंय का पाय झाडतंय?"

"पाय झाडतंय."

"हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभवती लाव. आन् तू सांजच्याला वांगं खाऊ नगंस. तू खातीस आन् ते भोगतंय."

बाई गूळ न घेता, हिंगाचा खडा पदराला बांधून जायची आणि दुसऱ्या दिवशी हसत परत यायची. कुणाचे डोळे आलेले असायचे, कुणाचा कान फुटलेला, कुणाला भूक लागत नसायची. अप्पांचं उत्तर कधी लांबलचक नसायचं आणि कधी अडायचंही नाही. एकदा एक म्हातारी आली आणि म्हणाली, "सून सारखी रडती, जेवत न्हाय, काय द्यावं?" अप्पा तराजूवरची नजर न काढता म्हणाले, "काय देऊ नका. दोन दिस दिलं न्हाय की आपसूक मागंल." दुकानातली सगळी माणसं हसली. मीही हसले होते. आमच्या अप्पांना किती कळतं, असं मला तेव्हा वाटायचं.

माझ्या थोरल्या भावाचं, बसूअण्णाचं लग्न आदल्या साली झालं होतं. नीलव्वा वैनी आळंदकडच्या एका कानडी गावातून आली. उंच, सावळी, हाताला काम लागलं की गुणगुणणारी. तिला मराठी थोडकंच यायचं, त्यामुळं बाहेरच्यांसमोर ती गप्प असायची आणि माझ्याशी मात्र कानडीत भडभडा बोलायची. तिच्या माहेरी विहिरीला रहाट होता. आमच्या गावची बारव पायऱ्यांची. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बायका सरळ पाण्यात उतरून घागरी बुडवायच्या. ज्यांच्या पायांची आग होत असायची ते तिथंच पाय बुडवून बसायचे. वैनी पहिल्यांदा ते बघून म्हणाली होती, "ह्यातलंच प्यायचं?" मी म्हटलं, "मग कुठलं?" तिनं घागर भरली.

आज माझ्या नातींना नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं. सांगितलं तर त्या तोंडं वाकडी करतात. बारवेच्या पाण्यातून पोटात गेलेला किडा वर्षभर अंगात वाढायचा, दोऱ्यासारखा लांब व्हायचा आणि बहुतेककरून उन्हाळ्यात पायाला फोड येऊन त्यातून बाहेर डोकावायचा. फोड आला की निखारा ठेवल्यासारखी आग. तो निखारा विझवायला माणूस पाण्यात पाय घालायचा आणि किड्याचं बी परत पाण्यात पडायचं. हे शेवटचं मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच ठाऊक होतं की नारू निघतो, आणि निघाला की अप्पांना विचारायचं.

नारूच्या बाबतीत अप्पांचं उत्तर आमच्या पंचक्रोशीत लहान पोरांनाही पाठ होतं. नारू ओढू नये. तुरीची बारीक काडी घ्यायची, बाहेर आलेलं टोक तिच्यावर गुंडाळायचं, पायावर गार पाण्याची धार धरायची आणि जेवढा आपण होऊन येईल तेवढाच काडीवर घ्यायचा. अडला की थांबायचं. काडी चिंधीनं पायाला बांधून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. महिना लागो, नाहीतर जास्त लागो. तोवर त्या पायावर भार द्यायचा नाही. "तुटला तर आत कुजतो, आन् पाय घेऊन जातो," अप्पा सांगायचे. गडीमाणसं कुरकुरायची, पेरणी तोंडावर आली म्हणायची. अप्पा त्यांच्यावर ओरडायचे, "पेरणी दुसरा करंल, तुझा पाय दुसरा देईल का?" 

त्या उन्हाळ्यात मला घोट्याच्या वर फोड आला. मी अकरा-बारा वर्षांची असेन. अप्पांनी तो बघितला आणि गल्ल्यावर अण्णाला बसवून ते आत आले. मला खाटेवर बसवलं, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि तांब्यानं धार धरली. फोड फुटून पांढरं टोक दिसलं तेव्हा मी किंचाळले. अप्पा म्हणाले, "म्हादी, तिकडं बघ, मांजरीनं पिलं घातल्यात." पिलं नव्हती. मी तिकडं बघत असताना त्यांनी काडीचा पहिला फेरा दिला. रोज सकाळी, पूजेनंतर, गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून ते माझी काडी फिरवायला यायचे. त्यांची बोटं खलबत्त्यानं राठ झालेली होती, पण ती इतकी हलकी फिरायची की कित्येकदा मला कळायचंही नाही. मला खाटेवरून उतरू द्यायचं नाही असा हुकूम होता. अव्वा मला दुधात भाकरी कुस्करून खाटेवरच आणून द्यायची.

या मायेला एक कारण होतं, ते मला नंतर कळलं. पाहुणे मला बघायला येणार होते. अप्पा अव्वाला म्हणत होते, "पोरीला उजवायचीय. पायात खोट ऱ्हाता कामा न्हाय."

माझ्यामागून आठवड्याभरातच वैनीला गुडघ्याच्या मागे, पोटरीच्या वरच्या अंगाला फोड आला. तिनं तो लपवला. लुगड्याच्या काठाखाली चिंधी बांधून ती पाण्याच्या खेपा करत राहिली, जातं ओढत राहिली. मग एका सकाळी ती घागर घेऊन उंबऱ्यातच बसली आणि तिला उठता येईना. अव्वानं काठ वर करून बघितलं तर नारूचं टोक बाहेर लोंबत होतं. अव्वा म्हणाली, "आता हे कवा झालं? पाहुणं परवा यायलेत आन् हिला आताच सुचलं." जसा काही वैनीनंच तो किडा बोलावून घेतला होता.

पहिला दिवस ती कोठीच्या खोलीत पडून राहिली. माझी काडी फिरवून झाल्यावर मी अप्पांना म्हटलं, "वैनीची बी फिरवा की." ते म्हणाले, "बघू," आणि दुकानात गेले. दुसऱ्या दिवशी अव्वानं भाकऱ्या थापता थापता बोलणं काढलं. पाहुणे येणार, गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, करायची, पुरण वाटायचं, गहू सडायचे, तिची स्वतःची कंबर धरलेली, सून आडवी. शेजारची एखादी बाई बोलवावी, असं अण्णा हळूच म्हणाला. अप्पांना ते रुचलं नाही. पाहुण्यांसमोर दुसऱ्याच्या घरची बाई चुलीशी दिसली तर ते काय म्हणतील? घरात सून असून उठत नाही, म्हणजे घराला वळण नाही असंच म्हणतील. ते बराच वेळ विभूतीच्या बटव्याची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मग उठले आणि कोठीच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"उठवत न्हाय का?"

"पाय टेकत न्हाय, मावा," वैनी म्हणाली. सासऱ्याला ती कानडी रीतीनं मावा म्हणायची.

"हिला भाईर आना," अप्पा म्हणाले.

माझी खाट अंगणाच्या कडेला होती, म्हणून मला सगळं दिसलं. अव्वानं आणि अण्णानं तिला दोन्हीकडून धरून आणलं आणि पालथं निजवलं. अप्पांनी तुरीची काडी घेतली. मला वाटलं, आता तिलाही तांब्यानं धार धरतील, आता तिलाही म्हणतील, मांजरीनं पिलं घातल्यात. त्यांनी पाणी मागितलंच नाही. टोक काडीला गुंडाळलं, काडीवर चिंधी गुंडाळून मूठ पक्की केली आणि अण्णाला म्हणाले, "पाय धर." अण्णानं धरला. अव्वा वैनीच्या खांद्यांवर बसली.

"बेडरी मावा," वैनी म्हणाली. नको हो, मामंजी. ती ओरडली नाही, अगदी अदबीनं म्हणाली. सासऱ्याशी बोलताना जो आवाज काढायचा असतो, त्याच आवाजात.

मी खाटेवरून ओरडले, "अप्पा, तुमीच सांगता की, ओढू नये म्हणून! तुटला तर पाय जातो म्हणून!"

अप्पांनी माझ्याकडं वळून बघितलं. ते रागावले नव्हते. दुकानात एखाद्यानं दुसऱ्यांदा तेच विचारलं तर ते जसे बघायचे तसं त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "ते तुझ्या पायाला हाय. तू पडून ऱ्हा."

मग त्यांनी ओढला. आधी तो वीतभर निघाला. ताणला तसा पातळ होत गेला. वैनीनं मातीत तोंड खुपसलं होतं आणि तिच्या तोंडातून आवाज येत होता, तो मला अजून सांगता येत नाही. पुढं एकाएकी अप्पांचा हात मोकळा मागं आला. काडीला लोंबणारा तुकडा त्यांनी उजेडात धरून बघितला. तो संपला होता की तुटला होता हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

"पुरता आला का ओ?" अव्वानं विचारलं.

"आला," अप्पा म्हणाले. काडी त्यांनी चुलीत टाकली, हात धुतले आणि दुकानात गेले. बाहेर कुणीतरी मुलाच्या खोकल्याचं विचारत होतं. अप्पा त्याला ज्येष्ठमध कसं द्यायचं ते नीट समजावून सांगत होते. मला खाटेवर ऐकू येत होतं.

दुपारी वैनी उठली. भिंत धरून उठली आणि पाट्यावर पुरण वाटलं. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मला नवं परकर-पोलकं घालून चटईवर बसवलं होतं आणि काडी परकराखाली लपवली होती. हुग्गीत तूप वाढताना वैनी दर पानाशी भिंत धरत होती. पाहुण्यांतल्या एका बाईनं विचारलं, "सूनबाईला काय होतंय?" अव्वा म्हणाली, "काय न्हाय, कामाची सवय न्हाय अजून." पाहुण्यांनी हुग्गी दोनदा मागून घेतली. माझं जमलं.

ते उठून गेले तसा वैनीला ताप भरला. दोन दिवसांत पाय मांडीपर्यंत टम्म फुगला आणि लाल-काळा झाला. मग ठिकठिकाणी फुटून पू वाहायला लागला. वास इतका होता की दुकानात गोणपाटापलीकडं जायचा. अप्पांनी तिची गोधडी गोठ्यात घालायला लावली. दुपारच्या वेळी माझ्या हातात हळद आणि जवसाचं पोटीस द्यायचे आणि म्हणायचे, "लावून ये." स्वतः ते गोठ्याकडं फिरकले नाहीत. अण्णा वैरण टाकायला जायचा तेव्हा म्हशीच्या पलीकडच्या बाजूनं जायचा आणि त्याच बाजूनं परत यायचा.

माझा नारू तोवर सगळा निघाला होता. मी पोटीस घेऊन चालत जायला लागले. वैनी गुडघा पोटाशी घेऊन पडलेली असायची; पाय लांब केला की कळ जायची, म्हणून तो तिनं मिटूनच धरला होता. एके दिवशी तिनं माझा घोटा हातात घेतला आणि जिथं काडी बांधली होती त्या व्रणावरून अंगठा फिरवला. "चांगला भरला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. या वयातही, अंघोळीच्या वेळी हात तिथं गेला की तो आवाज येतो.

पावसाळा अर्ध्यावर येता येता जखमा भरल्या आणि ताप गेला. पाय मात्र मिटला तो उघडलाच नाही. गुडघा वाकलेला, टाच जमिनीपासून वीतभर वर. वैनी काठी टेकत घरात वावरायला लागली. पाण्याला जाता येत नव्हतं, म्हणून अव्वानं तिला सगळं बैठं काम लावलं. जातं, पाटा, शेण, भांडी. ती आता गुणगुणत नव्हती.

आणि तेव्हा ते सुरू झालं. शेजारच्या गावचा एक शेतकरी बायकोचा नारू दाखवायला घेऊन आला आणि घाई करायला लागला. ओढून काढा म्हणत होता. अप्पांनी गोणपाट बाजूला केलं आणि हाक मारली, "नीलव्वा, भाईर ये." वैनी काठी टेकत दारात आली. अप्पा म्हणाले, "काठ वर कर." दुकानात चार पुरुष होते. तिनं खाली मान घालून लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं.

"बघ," अप्पा त्या माणसाला म्हणाले. "आमचीच सून हाय. म्या जीव तोडून सांगितलं, ओढू नगंस. ऐकलं न्हाय. दम धरवला न्हाय, आपल्या हातानं ओढला. आता जल्माची अधू झाली. तुला तुझी बायकू अशी करायचीय का?"

तो माणूस घाबरून काडी घेऊन गेला. मी आत भांडी विसळत होते. अव्वा माझ्या शेजारीच होती; तिनं एक शब्द ऐकला नाही असं दाखवलं. पुढं कुणी नारूचं विचारायला आलं की हाक यायचीच. अप्पांना ते फार सोयीचं झालं होतं. बोलण्यापेक्षा दाखवलेलं लोकांना लवकर पटतं, असं ते अण्णाला सांगायचे. वैनी प्रत्येक वेळी जायची, काठ वर करायची आणि परत येऊन जात्यापाशी बसायची. आणि खरं सांगायचं तर त्या पायाकडं बघून कितीतरी जणांनी ओढणं सोडलं. त्यांचे पाय वाचले. हे मी नाकारू शकत नाही, आणि ते आठवून मला कधी समाधानही वाटलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला एक म्हातारी नवी सून घेऊन आली. ती सून वैनीच्याच वयाची होती, पायाला फडकं बांधलेली, तोंडावर पदर. अप्पांनी हाक मारली. वैनी गेली, पण काठ वर केला नाही. अप्पांचं सांगून झालं तरी ती तशीच उभी राहिली. मग ती त्या म्हातारीला नव्हे, त्या मुलीला म्हणाली, आणि तिला येत होतं त्या मोडक्या मराठीत म्हणाली, "म्या न्हाय ओढला. मावांनी ओढला. सासूनं दाबलं, नवऱ्यानं धरलं. तुला कुनी धरू लागलं तर चाव."

अण्णा तराजू हातात घेऊन बसला होता, त्याचं एक पारडं खाली टेकलं. ती मुलगी पदरातून वैनीकडं बघत होती. मग अप्पा हसले. मोठ्यानं नव्हे, कीव आल्यासारखे. म्हातारीला म्हणाले, "ताप डोक्यात गेलाय हिच्या. असंच काय बाय बोलती. तुमी मनावर घेऊ नका." म्हातारी म्हणाली, "व्हय, लई ताप आला की व्हतं असं," आणि तिनं ओवा बांधून मागितला.

त्या दिवशी घरात वैनीला कुणी मारलं नाही, कुणी बोललंही नाही. दुसऱ्या दिवशी आळंदकडं निरोप गेला. तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. अप्पांनी त्याला चहा दिला आणि समजुतीनं सांगितलं की मुलीच्या डोक्यावर परिणाम झालाय, हवापालट केली तर मानवेल, बरी झाली की आणू. भाऊ नुसता मान हलवत होता. त्यानं बहिणीचा पाय बघितला, पण विचारलं काहीच नाही. मी गाडीपर्यंत गेले. मला वाटलं, वैनी आता काहीतरी बोलेल. ती स्वतःच दांडीला धरून चढली, मिटलेला पाय हातानं उचलून आत घेतला आणि गाडी वळेपर्यंत बैलांच्या पाठीकडं बघत राहिली. तिला परत कधी आणलं नाही. तिचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही; माझं लग्न होऊन मी दुसऱ्या टोकाला, सोनारीकडं गेले आणि मधल्या काळात राज्यच उलटंपालटं झालं. त्या बाजूच्या माणसाला मी एकदोनदा विचारलं. एवढ्या मोठ्या मुलखात कोण कुणाला ओळखणार.

लोक मात्र यायचे थांबले नाहीत. "सूनबाई दिसत न्हाईत?" कुणी विचारलं की अप्पा उसासा टाकायचे आणि डोक्याला बोट लावून दाखवायचे. बायकांना त्यांची दया यायची. एवढ्या शहाण्या माणसाच्या नशिबी असं यावं, असं त्या अव्वाला म्हणायच्या आणि अव्वा पदर डोळ्याला लावायची. अण्णा पूर्वीसारखाच गल्ल्यावर बसायचा. रात्री तो जेवायचा, निजायचा. कधीमधी गोठ्यात नको इतका वेळ थांबायचा, एवढंच.

दिवाळी झाली आणि अप्पा एका नातलगाला बरोबर घेऊन उमरग्याकडं एक स्थळ बघायला गेले. अण्णासाठी. संध्याकाळी परत आले, पाय धुतले, विभूती लावली, गूळ-पाणी घेतलं. अव्वा समोर बसून वाट बघत होती. शेवटी न राहवून तिनं विचारलं, "पोरगी कशी हाय?"

अप्पांनी तांब्या खाली ठेवला.

"पाय चांगले हायती," ते म्हणाले.